सल्ला: रेफरन्समुळे पेपर परत आला, आता काय करू?

पत्र, थोडं कापून: "ताई, मी मेडिसिनचा थर्ड इयर रेसिडेंट, मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात. विंचूदंशाच्या ३८ पेशंटवरच्या माझ्या थीसिसचा पेपर करून एका भारतीय जर्नलला पाठवला होता. अकरा दिवसांत परत आला, रिव्ह्यूला गेलाच नाही. रेफरन्स व्हँकुव्हर स्टाइलमध्ये नाहीत आणि टेक्स्टमधले नंबर लिस्टशी जुळत नाहीत, दुरुस्त करून पुन्हा सबमिट करा, एवढंच लिहिलंय. ४२ रेफरन्स आहेत, सगळे हाताने टाइप केलेले, निम्मे सीनियरच्या थीसिसमधून घेतलेले. सर म्हणतात एका रात्रीचं काम आहे. व्हँकुव्हर म्हणजे नेमकं काय? लिस्ट चॅटजीपीटीला देऊन करून घेतली तर चालेल का? आणि खरं सांगा, एवढे कॉमा आणि फुलस्टॉप कोण बघतं? डिस्कशनचं एक पान आणि लिस्टचं एक पान जोडतोय."

अरे, सगळ्यात आधी हे की तुझा पेपर रिजेक्ट झालेला नाहीये. टेक्निकल चेकला परत येणं म्हणजे तुझ्या कामाबद्दल अजून कुणी चांगलं-वाईट काहीच म्हटलेलं नाही, एडिटरपर्यंत तो पोचलेलाच नाही, ऑफिसात जो माणूस फाइल उघडून बघतो त्याने दारातच थांबवलाय. त्यामुळे मन लहान करू नकोस आणि दुसऱ्या जर्नलला तसाच्या तसा पाठवायची घाईही करू नकोस, तिथेही हेच होईल.

आता "कोण बघतं" याचं उत्तर. मी बघायचे. बरीच वर्षं मी मेडिकल जर्नलच्या ऑफिसात हेच काम केलंय, लेखकाने दिलेला एकेक रेफरन्स पबमेडवर (मेडिकल पेपरांची ऑनलाइन यादी) उघडायचा, नाव, वर्ष, पान जुळतंय का बघायचं आणि शक्य असेल तिथे मूळ पेपर उघडून हे वाक्य त्यात खरंच आहे का तेही बघायचं. म्हणून तू पाठवलेली दोन पानं मी त्याच सवयीने वाचली, दोनदा, आणि त्यात जे दिसलं ते आधी सांगते कारण त्यातच तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

लिस्टमधला १२ नंबर आणि २७ नंबर हा एकच पेपर आहे. एकदा जर्नलचं पूर्ण नाव लिहिलंयस, एकदा शॉर्ट फॉर्म, आणि एका ठिकाणी पहिल्या लेखकाचं इनिशियल सुटलंय म्हणून तुला ते दोन वेगळे वाटले. दुसरं, डिस्कशनमध्ये "इको केल्यावर लेफ्ट व्हेंट्रिकलचं काम मंदावलेलं दिसतं" या वाक्याला १९ नंबर दिलायस आणि १९ नंबरवर आहे सर्पदंशाचं प्रमाण सांगणारा पेपर. म्हणजे मधे कधीतरी तू एक रेफरन्स काढलास किंवा घातलास, लिस्ट सरकली आणि टेक्स्टमधले नंबर जागच्या जागी राहिले, आणि तिथून पुढे प्रत्येक वाक्य शेजारच्याचा पत्ता सांगत बसलंय. हाताने नंबर टाकणाऱ्या प्रत्येकाचं हे होतं, तुझं एकट्याचं नाही.

तिसरी गोष्ट मला जास्त लागली. २३ नंबरवर तू लिहिलंयस "हिम्मतराव बी, प्रमोदिनी बी". अरे हे बावस्कर! डॉ. हिम्मतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर. मूळचे तुझ्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले हिम्मतराव, रायगडात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला गेले, तिथे विंचू चावलेली माणसं डोळ्यांदेखत जाताना बघितली आणि मग महाडला राहून उभं आयुष्य या एका विषयाला दिलं. विंचूदंशावर प्रॅझोसिन द्यायचं हे आज तू कॅज्युअल्टीत सहज ऑर्डर लिहितोस ते ज्यांच्या कामामुळे, त्यांचं आडनाव तुझ्या लिस्टमध्ये "बी" झालंय. कुठल्या तरी साइटवरून कॉपी करताना नाव आणि आडनाव उलटं पडलं असणार, मुद्दाम केलेलं नाहीये हे मला कळतं. पण रेफरन्स म्हणजे काय हे मला एका ओळीत कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देईन. तू ज्याच्या खांद्यावर उभा आहेस त्याचं नाव नीट घेणं, आणि वाचणाऱ्याला त्याच्यापर्यंत जाता येईल असा पत्ता देणं. कॉमा आणि फुलस्टॉप त्या पत्त्याचे पिनकोड आहेत.

आणि पत्ता चुकला की काय होतं तेही सांगते. एका जर्नलच्या ऑफिसात असताना (नाव नको) लहान मुलांच्या एका औषधावरचा रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या पेपरांचा आढावा घेणारा लेख, आला होता, चांगला लिहिलेला, लेखक अनुभवी. डोस लिहिला होता दर किलोमागे इतके मिलिग्रॅम आणि पुढे रेफरन्स. तो रेफरन्स उघडला तर तो स्वतःच एक रिव्ह्यू, त्यातही मिलिग्रॅमच, त्याने दिलेला रेफरन्स उघडला, तो तिसराच एक लेख, आणि त्याच्याही मागे जाऊन जेव्हा मूळ स्टडीची पीडीएफ मिळाली तेव्हा तिच्या टेबलात स्वच्छ छापलेलं होतं, मायक्रोग्रॅम. हजारपट फरक! मधल्या कुणीतरी एकाने टाइप करताना चूक केली आणि पुढच्या सगळ्यांनी मूळ न बघता एकमेकांवरून उतरवून घेतलं. लेखकांना कळवलं तेव्हा त्यांचा फोन आला आणि थोडा वेळ ते काही बोललेच नाहीत. मला तो दिवस विसरता येत नाही, कारण हा आकडा पुढे कुठल्या तरी ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता एकटा ड्युटीवर असलेला मेडिकल ऑफिसर मोबाइलवर वाचणार होता.

म्हणून सीनियरच्या थीसिसमधून घेतलेल्या त्या निम्म्या रेफरन्सबद्दल मी अगदी सरळ सांगते, ते आधी बाजूला काढ. चुकीचेच असतील असं मी म्हणत नाही, पण तू ते वाचलेले नाहीस. एकेक उघड, वाच, तुझं वाक्य त्यात आहे का बघ, असेल तर ठेव, नसेल तर काढून टाक. अॅबस्ट्रॅक्टवर भागवू नकोस, कारण अॅबस्ट्रॅक्टमध्ये जे ठामपणे लिहिलेलं असतं ते आत रिझल्टमध्ये बरंच जपून लिहिलेलं असतं. फुल टेक्स्ट मिळत नसेल तर आधी पबमेड सेंट्रलवर फुकट आहे का बघ, मग कॉलेजच्या लायब्ररियनना भेट (रेसिडेंट लायब्ररीत फक्त अभ्यासाला बसतात, लायब्ररियनना कुणी काही विचारत नाही, आणि ही माणसं मनापासून मदत करतात), आणि तरी नाही मिळालं तर लेखकाला साधा दोन ओळींचा ईमेल टाक, बहुतेक जण पीडीएफ पाठवतात. ४२ पैकी ३० उरले तरी काही बिघडत नाही. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन पूर्ण ओरिजिनल आर्टिकलला ४० रेफरन्सची मर्यादा घालतं, लॅन्सेट तर ३० ची. ३८ पेशंटच्या स्टडीला ४२ रेफरन्स लागतातच असं नाही.

हे मी एवढं ताणून का सांगतेय ते एका खऱ्या गोष्टीवरून बघ. १९८० च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नलमध्ये पोर्टर आणि जिक यांचं एक पत्र छापून आलं. पाच वाक्यांचं. हॉस्पिटलात अॅडमिट असताना नार्कॉटिक औषधं दिलेल्या ११,८८२ पेशंटमध्ये नीट नोंदलेलं अॅडिक्शन चार जणांनाच झालं असं त्यात होतं. बस, एवढंच. आता हे पत्र व्हँकुव्हरमध्ये असं बसतं (पेपरमध्ये इंग्रजीतच लिहायचं, मी इथे देवनागरीत मांडतेय): पोर्टर जे, जिक एच. अॅडिक्शन रेअर इन पेशंट्स ट्रीटेड विथ नार्कॉटिक्स. एन इंग्ल जे मेड. १९८०;३०२(२):१२३. फॉरमॅटमध्ये एक टिंब चुकलेलं नाही. पण २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये काही संशोधकांनी हे पत्र कुणी कुणी आणि कसं साइट केलंय (म्हणजे रेफरन्स म्हणून दिलंय) ते मोजलं, तर ६०८ वेळा साइट झालं होतं, त्यातल्या ७२ टक्के लोकांनी ते "ओपिऑइड घेणाऱ्यांना व्यसन क्वचितच लागतं" याचा पुरावा म्हणून दिलं होतं, आणि ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी हे सांगितलंच नव्हतं की ते पेशंट हॉस्पिटलात अॅडमिट होते, घरी महिनोन्महिने गोळ्या घेणारे नव्हते. अमेरिकेत ओपिऑइडच्या व्यसनाने पुढे काय झालं ते तू जाणतोस. त्यामागे औषध कंपन्यांची जाहिरातबाजी होती, बाकीही बरंच होतं, पण हे पाच वाक्यांचं पत्र उघडून न वाचता लिहिणाऱ्यांचाही त्यात हात होता. शीर्षक वाचून रेफरन्स टाकला की हे असं होतं.

बरं, आता व्हँकुव्हर. १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात काही मेडिकल जर्नलचे एडिटर भेटले, कारण प्रत्येक जर्नलचे नियम वेगळे आणि लेखक बिचारे एकच पेपर दहा पद्धतीने टाइप करतायत, तेव्हा तर टाइपरायटरच होते. त्यांनी ठरवलेले नियम १९७९ मध्ये पहिल्यांदा छापले गेले, रेफरन्सचा साचा अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने तयार केलेला, आणि तोच गट पुढे वाढून आयसीएमजेई, म्हणजे इंटरनॅशनल कमिटी ऑफ मेडिकल जर्नल एडिटर्स, झाला. म्हणजे जर्नल "व्हँकुव्हर" म्हणतं तेव्हा त्याला हे हवं असतं की टेक्स्टमध्ये नंबर, ज्या क्रमाने पहिल्यांदा उल्लेख आला त्या क्रमाने, आणि शेवटी त्याच क्रमाने लिस्ट. आडनावांच्या एबीसीडीने नाही. एकदा दिलेला नंबर त्या पेपरला कायमचा, पुन्हा साइट केलास तरी तोच. आणि टेबलमध्ये किंवा फिगरच्या खाली एखादा रेफरन्स पहिल्यांदा येत असेल तर त्याचा नंबर, टेक्स्टमध्ये त्या टेबलचा पहिला उल्लेख जिथे आलाय तिथल्या क्रमाने लागतो, हे फार जणांचं चुकतं, तुझंही टेबल २ मध्ये तसंच झालं असावं असं मला वाटतंय, बघून घे.

आता तुझाच २३ नंबर नीट लिहून दाखवते: बावस्कर एचएस, बावस्कर पीएच. एफिकसी अँड सेफ्टी ऑफ स्कॉर्पियन अँटिव्हेनम प्लस प्रॅझोसिन कम्पेअर्ड विथ प्रॅझोसिन अलोन फॉर व्हेनमस स्कॉर्पियन (मेसोब्युथस टॅम्युलस) स्टिंग: रँडमाइज्ड ओपन लेबल क्लिनिकल ट्रायल. बीएमजे. २०११;३४२:सी७१३६.

हा एक नीट बघितलास की बाकीचे आपोआप कळतात. आडनाव आधी, मग इनिशियल्स, इनिशियल्समध्ये टिंब नाही, मधे स्पेस नाही, आडनाव आणि इनिशियलमध्ये कॉमाही नाही, कॉमा फक्त दोन लेखकांच्या मधे. इथे बघ, दोघंही बावस्कर, नवरा-बायको, वेगळे ओळखू येतात ते फक्त इनिशियलमुळे, म्हणून एक अक्षर गेलं तरी माणूस बदलतो. शीर्षकात पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, बाकी सगळं स्मॉल, फक्त विशेषनामं आणि विंचवाच्या जीनसचं पहिलं अक्षर कॅपिटल, स्पीशीजचं स्मॉल. तू सगळ्या शब्दांची पहिली अक्षरं कॅपिटल केलीयस, ती काढावी लागतील. मग जर्नलचं नाव, मग टिंब, वर्ष, सेमिकोलन, व्हॉल्यूम, कंसात इशू नंबर असेल तर तो, कोलन, पानं, टिंब. वर्षापासून पानापर्यंत कुठेही स्पेस नाही. आणि इथे शेवटी पानांच्या जागी "सी७१३६" आहे ते बघून घाबरू नकोस, बऱ्याच ऑनलाइन जर्नलांमध्ये पान नंबर नसतोच, लेखाचा स्वतःचा नंबर असतो, तोच लिहायचा. तू तिथे पीडीएफच्या पानांवरून "१ ते ७" असं लिहिलंयस, तसं नाही. हा पेपर ७० पेशंटवरचा आहे आणि फुकट उघडतो, तुझ्या डिस्कशनचा कणा तोच असायला हवा, म्हणून आजच वाच.

जर्नलच्या नावाचा शॉर्ट फॉर्म मनाने करायचा नाही. नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक जर्नलचा ठरलेला शॉर्ट फॉर्म असतो. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च हे "इंडियन जे मेड रेस" होतं, मुंबईच्या केईएममधून निघणारं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन "जे पोस्टग्रॅड मेड" होतं, आणि एकाच शब्दाचं नाव असेल तर ते तसंच राहतं, लॅन्सेट हे लॅन्सेटच. लॅन्सेटचं आणखी एक, १९८० च्या दशकातल्या लॅन्सेटला व्हॉल्यूम नंबर दर वर्षी १ आणि २ असे नव्याने सुरू व्हायचे, त्यामुळे बावस्करांचं १९८६ चं प्रॅझोसिनवरचं लिखाण साइट करताना व्हॉल्यूम "१" दिसला तर तो बरोबर आहे, चूक समजून बदलू नकोस. तसं बदललेलं मी स्वतः पाहिलंय.

लेखक जास्त असतील तर? आयसीएमजेईच्या नमुन्यात पहिले सहा लेखक आणि मग एट अल, म्हणजे "आणि इतर". पण अमेरिकन मेडिकल असोसिएशनची स्टाइल पाळणारी जर्नलं सहापेक्षा जास्त झाले की पहिले तीनच लिहून एट अल करतात. पानांचंही तसंच, कुणी २८४-७ लिहितं, कुणी २८४-२८७ पूर्ण. दोन्ही पद्धती व्हँकुव्हरच्याच घरातल्या आहेत आणि म्हणूनच "व्हँकुव्हर म्हणजे नेमकं काय" याचं शेवटचं उत्तर इंटरनेटवर शोधायचं नाही, तुझ्या जर्नलच्या "इन्स्ट्रक्शन्स टू ऑथर्स"मध्ये शोधायचं, आणि ती त्रोटक असतील (असतातच) तर त्याच जर्नलच्या ताज्या अंकातला एखादा ओरिजिनल आर्टिकल उघडून त्याची लिस्ट शेजारी ठेवायची. टेक्स्टमधला नंबर सुपरस्क्रिप्टमध्ये की चौकोनी कंसात, फुलस्टॉपच्या आधी की नंतर, तेही तिथेच दिसेल.

वेबसाइट, टेक्स्टबुक यांचं फार मनावर घेऊ नकोस. वेबसाइटला तू ती कधी बघितलीस ती तारीख घालायची, पुस्तकात आवृत्ती लिहायची आणि चॅप्टर वापरला असेल तर चॅप्टरच्या लेखकाचं नाव आधी. तुझ्याकडे असे चारच आहेत.

हे सगळं हाताने करायचं? अजिबात नाही. झोटेरो नावाचं रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर घे, फुकट आहे. ब्राउझरमध्ये त्याचं कनेक्टर टाक, वर्डमध्ये प्लगइन येतं. मग त्यात जादूच्या कांडीसारखं एक बटण आहे, त्यात पबमेडचा पीएमआयडी किंवा डीओआय (दोन्ही त्या पेपरचे ओळख नंबर) टाकलास की पूर्ण माहिती आपोआप भरते, हाताने एक अक्षर टाइप करायचं नाही. तू प्रत्येक पेपर मूळ उघडणारच आहेस, तेव्हाच त्याचा पीएमआयडी टाकून झोटेरोत घे, म्हणजे वाचणं आणि भरणं एकाच दमात होईल. १२ आणि २७ सारखी जोडी असली तर "डुप्लिकेट आयटम्स"मध्ये दिसते, तिथे मर्ज कर. मग वर्डमध्ये तुझे हाताने टाकलेले सगळे नंबर काढून (आधी फाइलची कॉपी ठेव, आणि नंबर काढताना त्या जागी पिवळ्या रंगात पहिल्या लेखकाचं नाव आणि वर्ष लिहून ठेव, नाहीतर कुठे काय होतं ते आठवणार नाही) एकेका जागी झोटेरोतून सायटेशन घाल. शेवटी बिब्लिओग्राफीचं बटण, आणि लिस्ट तयार. नंतर सर म्हणाले हा पॅराग्राफ वर घ्या, तर वर घे, नंबर आपोआप बदलतील. जर्नल बदललं तर स्टाइल बदल, दोन क्लिक.

पण सॉफ्टवेअरवर डोळे मिटून विसंबू नकोस. त्याला जे भरलंय तेच ते छापतं. आपल्याकडच्या नावांचा गोंधळ तर ठरलेला, तुझं "हिम्मतराव बी" तसंच आलं असणार, दक्षिणेकडच्या नावांचं तर विचारूच नको. म्हणून झोटेरोत प्रत्येक आयटमवर क्लिक करून चार गोष्टी डोळ्याखालून घाल: आडनाव, शीर्षकातली कॅपिटल अक्षरं, जर्नलचा शॉर्ट फॉर्म, पानं. पबमेडवर "साइट" बटण आहे त्यातून एनएलएम (नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन) फॉरमॅट कॉपी केलास तरी त्यात महिना, तारीख, डीओआय, पीएमआयडी असं सगळं येतं, तुझ्या जर्नलला ते नको असेल तर काढावं लागतं, काही ठिकाणी ठेवून काही ठिकाणी काढलं तर लिस्ट लगेच विस्कटलेली दिसते. सबमिट करायच्या आधी फाइलची एक वेगळी कॉपी करून तिच्यातच "अनलिंक सायटेशन्स" कर (म्हणजे नंबर आणि लिस्ट झोटेरोपासून सुटून साधा मजकूर होतात), मूळ लिंक असलेली फाइल जपून ठेव, रिव्हिजन येईल तेव्हा तीच लागेल.

चॅटजीपीटीबद्दल. लिस्ट देऊन "व्हँकुव्हरमध्ये कर" म्हणालास तर ते दिसायला सुंदर करून देईल, आणि तिथेच धोका आहे. तुझ्या लिस्टमध्ये जिथे पान नंबर नाही तिथे ते पान नंबर घालेल. जिथे इनिशियल नाही तिथे इनिशियल घालेल. ते कुठून आणलं हे तुला कळणार नाही आणि ओळ एवढी नीटनेटकी दिसेल की तुला संशयही येणार नाही. अस्तित्वात नसलेला अख्खा पेपरसुद्धा तयार करतं ते. तसं न बघता उतरवायची सवय माणसांना आधीपासूनच आहे म्हणा: एका मोठ्या प्रकाशकाने लेखकांना फॉरमॅट समजावा म्हणून सूचनांमध्ये एक काल्पनिक रेफरन्स दिला होता, "द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल", असा पेपर कधी लिहिलाच गेलेला नाही, आणि २०१७ मध्ये लक्षात आलं की जवळजवळ ४०० ठिकाणी तो खरा समजून साइट झालाय. तेव्हा तर ही साधनंही नव्हती. पीएमआयडी टाकून जे काम तीन सेकंदांत आणि खात्रीने होतं त्यासाठी अंदाजाने लिहिणारं साधन वापरायचं कशाला? इंग्रजी सुधारायला वापरलंस तर जर्नलचा नियम बघून तसं कळव, पण रेफरन्सला हात लावू देऊ नकोस.

अजून एक, आणि हे कुणी सांगत नाही. लिस्टमधला कुठला पेपर रिट्रॅक्ट झालाय का, म्हणजे छापल्यावर मागे घेतला गेलाय का, बघ. ते बघणं लेखकाचं काम आहे असं आयसीएमजेई स्पष्ट म्हणतं. कोव्हिडमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा लॅन्सेटमधला पेपर २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला, दोन आठवडेही टिकला नाही, तरी लोक त्यानंतरही तो साइट करत राहिले. झोटेरो अशा पेपरवर लाल पट्टी दाखवतं, पबमेडवरही वर ठळक लिहिलेलं असतं. तुझा विषय तसा शांत आहे, पण सीनियरच्या लिस्टमधले जुने पेपर आहेत म्हणून एकदा बघच. त्याच वेळी जी जर्नलं पैसे घेऊन काहीही छापतात त्यातले रेफरन्स दिसले तर तेही काढ, त्यापेक्षा चांगला पुरावा बावस्करांच्या आणि इतरांच्या कामात भरपूर आहे.

सर म्हणतात एक रात्र. फॉरमॅटिंगला खरंच एक रात्र पुरते, पण वाचायला नाही पुरणार, तुझ्या ड्युट्या बघता मी दहा दिवस धरते, रोज चार पेपर. सरांना हे सांगायला लाज वाटून घेऊ नकोस, "सर, प्रत्येक रेफरन्स मूळ उघडून तपासतोय" असं म्हण, कुठलाही चांगला गाइड याला नाही म्हणणार नाही. जर्नलने पुन्हा सबमिट करायला काही मुदत दिली असेल तर मेलमध्ये बघ, कमी वाटली तर आत्ताच लिहून वाढवून माग, सहसा देतात.

आणि पाठवायच्या आदल्या दिवशी एक कर, दोन प्रिंट काढ, एक टेक्स्टची, एक लिस्टची. को-रेसिडेंटला समोर बसव, चहा पाज. तो टेक्स्टमधलं वाक्य आणि नंबर मोठ्याने वाचेल, तू लिस्टमध्ये त्या नंबरवर बोट ठेवून शीर्षक मोठ्याने वाचायचं. "इकोवर लेफ्ट व्हेंट्रिकलचं काम मंदावतं, १९." "सर्पदंशाचं प्रमाण..." असं झालं की कानाला लगेच खटकतं, स्क्रीनवर डोळ्याला नाही खटकत. तीस रेफरन्सला पाऊण तास लागतो. कव्हर लेटरमध्ये फार काही नको, रेफरन्स मूळ लेखांवरून तपासले, एक डुप्लिकेट काढला, नंबर नव्याने लावले आणि स्टाइल जर्नलच्या सूचनांप्रमाणे केली, एवढ्या दोन ओळी पुरे. ऑफिसात बसलेल्या माणसाला त्या वाचून किती बरं वाटतं ते मला माहितीये.

त्या इकोच्या वाक्याचा खरा रेफरन्स बहुतेक १८ किंवा २० वर असेल, शेजारीच कुठेतरी. सापडला की मला कळव.